अख्खी पट्टी

बेगमपेठ, हैदराबाद
९ एप्रिल १९८६

ताई, जयभीम.

नानांना सांग, त्यांचा कॅप्टन अजून उजव्या खुर्चीतच बसतो. डावी खुर्ची कॅप्टनची, उजवी को-पायलटची, हे मी त्यांना किती वेळा समजावलं! पण त्यांनी पंतनगरभर पेढे वाटून मला आधीच कॅप्टन करून टाकलंय, त्याला आता मी काय करणार?

तरी या वेळी त्यांच्या पेढ्यांची लाज राहील असं वाटतंय. कॅप्टनच्या ट्रेनिंगसाठी माझं नाव लागलं. उन्हाळाभर एका सीनियरच्या देखरेखीखाली डाव्या खुर्चीत उडायचं, मग शेवटची परीक्षा. मुंबईत एक जागा रिकामी आहे. पास झालो तर ती मला मिळेल. म्हणजे घर, ताई. तुझ्या हातचं कालवण, नानांची कटकट, सगळं. इथे खोलीवर आलो की कुलूप उघडल्याचा आवाज होतो आणि मग काहीच आवाज नसतो.

पण सुरुवातीलाच एक घोळ करून ठेवलाय.

विमान उडण्याआधी ज्या पट्टीवरून धावतं, तिच्या टोकापासूनच निघायचं असा नियम नाही. मधे फाटे असतात. वजन किती, ऊन किती, वारा कुठला, याचा हिशेब करायचा आणि हिशेबात बसलं तर मधल्या फाट्यावरूनच पट्टीवर शिरायचं. वेळ वाचतो, मागची रांग हलते. बहुतेक सगळे तसंच करतात आणि त्यात चूक काही नाही, हे आधीच सांगतो. पण मला टोकापासून निघायला आवडतं. धावताना काही बिघडलं, थांबावं लागलं, तर जेवढी पट्टी पुढे आहे तेवढीच आपली. जी मागे सोडून आलो ती असून नसल्यासारखी.

तर परवा मुंबईहून निघत होतो. कॅप्टन होते मार्तंड दिघे, आणि माझं ट्रेनिंग नि परीक्षा त्यांच्याच हातात आहे. विमान ते चालवत होते, रेडिओ माझ्याकडे होता. टॉवरने विचारलं, मधल्या फाट्यावरून जाता का? अशा वेळी कॅप्टनकडे बघायचं, त्यांनी मान हलवली की उत्तर द्यायचं. मी बघितलंच नाही. तोंडातून निघून गेलं, "नाही, आम्हाला पूर्ण पट्टी हवी." आणि टॉवरशी बोललेलं रांगेतल्या सगळ्या विमानांत ऐकू जातं. दिघेसाहेबांनी तिथेच खोडलं असतं तर त्यांची शोभा झाली असती, म्हणून ते निमूटपणे टोकापर्यंत घेऊन गेले. मागून कोणीतरी रेडिओवर म्हणालं, "जाऊ द्या त्यांना, बस डेपोपर्यंत जाऊन येतील."

आता माझं नाव अख्खी पट्टी पडलंय. कॅन्टीनमध्ये मी जाऊन बसलो की टेबलावरच्यांचे चहा लवकर संपतात.

त्या दिवशी घाटकोपरवरूनच खाली उतरलो होतो. पण तेव्हा नजर काट्यांवर असते. आपली बिल्डिंग कधी मागे गेली ते कळलंही नाही.

चंदू

*

घाटकोपर
१७ एप्रिल

चंदू, जयभीम आणि पाठीत एक धपाटा.

पत्र वाचून आधी नाचले, मग डोक्याला हात लावला. इतकी वर्षं मुलुंडच्या रेशनिंग ऑफिसात खिडकीवर बसतेय मी, मला रांग शिकवू नकोस. रोज एक तरी महाभाग येतोच. मागे माणसं उन्हात तापलेली, आणि हा खिडकीशी उभा राहून अर्ज वरपासून खालपर्यंत वाचणार, मग उलटा करून मागून वाचणार. मागचे शिव्या घालतात. तो माणूस बरोबर असतो रे, नाही म्हणत नाही. पण मला तो डोळ्यांसमोर नको असतो. तू तसला झालास? माझा भाऊ?

सगळे मधून जातात ना? त्यांची विमानं पडतायत का? नाही ना? मग तुलाच काय सोनं लागलंय टोकाला?

खरं सांग, भीती वाटते का तुला? वाटत असली तर मला सांग, पण तिथे दाखवू नकोस. देवनारला पालिकेची कचऱ्याची गाडी नेणाऱ्याचा मुलगा विमान चालवतो, हे काही जणांच्या अजून घशाखाली उतरलेलं नाही. ते टपून बसलेले असतात. आधी कॅप्टन हो. मग डावी खुर्ची तुझी, मग काय अख्खी घ्यायची ती घे, दोनदा घे.

नाना मजेत आहेत. जरा थकलेत, वयच झालं. गॅलरीत खुर्ची टाकून बसतात आणि विमान गेलं की खालच्या पोरांना सांगतात, आमचा चंदू चाललाय. कुठलंही विमान असो, चंदूच चाललेला असतो.

कालवण करून ठेवते. तू ये फक्त.

ताई

*

हैदराबाद
२ मे

ताई,

धपाटा पोचला. पण "भीती वाटते का" हे तू विचारलंस ते लागलं गं. दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर चाललं असतं.

भीती नाही. भीती असती तर सोपं होतं, नोकरी सोडून देता आली असती. मी रोज हिशेब करतो आणि हिशेब रोज बरोबर येतो. अर्ध्या पट्टीत भागतं, असंच उत्तर येतं. पण तो हिशेब सगळं ठीक चाललं तर काय आणि ठरलेलं एवढंच बिघडलं तर काय, याचा असतो. इथे आता दुपारी पट्टी तव्यासारखी तापते. हवा विरळ होते, विमान जास्त धावतं. टायर जुना असतो, वजन लिहिलेल्यापेक्षा थोडं जास्त असतं, कोणाचा तरी हात क्षणभर उशिरा पडतो. हे सगळं एकाच दिवशी होणार नाही, मला मान्य आहे. पण पट्टी तर तिथे पडलेलीच आहे ना! कोणाच्या घरची मागून आणायची नाहीये.

ट्रेनिंग सुरू झालंय. दिघेसाहेब माणूस वाईट नाही. पहिल्याच दिवशी म्हणाले, "त्या दिवशी तू माझ्याकडे न बघता बोललास, तेवढं पुन्हा करू नकोस. बाकी निर्णय तुझा, पण त्यामागे तू आहेस की तुझी धाकधूक, ते मी बघणार." मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

पण परवा क्रू रूममध्ये श्यामकांत, तोही माझ्याबरोबर ट्रेनिंगला आहे, सगळ्यांसमोर हसत म्हणाला, "अरे, याला अख्खीच लागणार. अर्ध्यावर भागवायची सवयच नाही यांना, सरकारने सगळं अख्खं दिलंय." दोघंतिघं हसले. एक जण खिडकीबाहेर बघायला लागला. दिघेसाहेब तिथे नव्हते. मी टोपी घेतली आणि बाहेर जाऊन उन्हात उभा राहिलो.

त्यानंतरही टॉवर रोज विचारतो. पूर्ण पट्टी मागतोच. पण ती आता माझ्यासाठी मागतो की त्यांना दाखवायला, हेच मला कळेनासं झालंय.

नानांना माझ्या वतीने रागाव. प्रत्येक विमानात चंदू कसा असेल?

चंदू

*

घाटकोपर
१० मे

चंदू,

कोण हा श्यामकांत? माझ्या खिडकीवर येऊ दे एकदा, साखर देते त्याला. सरकारने दिलं म्हणे! तू मोरीत कंदील घेऊन अभ्यास करायचास, कारण बाहेर नानांना झोप हवी असायची, तेव्हा कुठे होतं सरकार? माझं डोकं असं फिरलंय की ऑफिसात आज दोन माणसांशी विनाकारण भांडले.

पण तेवढ्यासाठीच सांगते, ऐक. त्यांच्या हातात कोलीत देऊ नकोस. ते मधून जातात, तूही मधून जा. त्यांच्यासारखाच, त्यांच्याहून झकास जा. तुझा हिशेब बरोबर येतो म्हणतोस ना? मग झालं तर! तत्त्वाची लढाई कॅप्टन झाल्यावर लढ.

तुला माझी शपथ आहे, परीक्षा होईपर्यंत ते अख्खी हे तोंडातून काढू नकोस.

नाना बरे आहेत.

ताई

*

हैदराबाद
२९ जून

ताई,

इतके दिवस लिहिलं नाही कारण लिहिण्यासारखं काहीच नव्हतं. तुझी शपथ पाळतोय. तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात टॉवरने विचारलं आणि मी म्हणालो, "हो, मधल्या फाट्यावरून चालेल." दिघेसाहेबांनी एकदा माझ्याकडे बघितलं, बस्स.

तेव्हापासून रोज अर्धीच. आणि जादू झाल्यासारखं सगळं बदललंय. कॅन्टीनमध्ये माझ्यासाठी खुर्ची ओढतात. ते नाव कोणी घेत नाही. श्यामकांत खांद्यावर हात टाकून म्हणाला, "यार, तू आपल्यातला निघालास." मी हसलो, ताई. हसलो, आणि खोलीवर आल्यावर आरशात बघायचं टाळलं.

काहीच होत नाही. रोज मधून शिरतो, धावतो, उडतो. आता तर आधीसारखा मागे सोडलेल्या पट्टीकडे वळून बघतही नाही. पहिल्या आठवड्यात बघायचो.

परीक्षा ऑगस्टमध्ये ठरली आहे. दिघेसाहेब खूश दिसतात.

पण हे पत्र त्यासाठी नाही. काल मुंबईत विमान उभं होतं, तेव्हा शेजारच्या सोनूबाईंचा जयवंत शिडीखाली भेटला. तिथेच सामान चढवतो ना तो. म्हणाला, "नानांचं बोलणं आलं का परत?" मी विचारलं, कसलं बोलणं? तो गडबडला आणि सामानाकडे निघून गेला. घर इतकं जवळ होतं, आणि मला विमान सोडून दोन पावलं जाता येत नव्हतं.

काय झालंय नानांना? माझ्यापासून काय लपवलंस तू?

चंदू

*

घाटकोपर
६ जुलै

चंदू,

जयवंताच्या तोंडाला टाळं नाही. बरं झालं एका अर्थी.

बुद्धपौर्णिमेच्या दिवशी सकाळी नाना पांढरा सदरा घालून विहारात निघाले आणि दारातच बसले. अर्धांगवायूचा झटका. उजवा हात-पाय गेला आणि वाचा गेली. हॉस्पिटलात होते, आता घरी आणलंय. जीवाला धोका नाही म्हणतात. समजतं त्यांना सगळं. बोलता येत नाही.

मी कळवलं नाही, कारण कळवून तू काय करणार होतास? रजा मिळाली नसती, आणि ट्रेनिंग गेलं असतं. आणि तुझ्या मागे एवढी माणसं बसलेली असताना तुझं डोकं इथे असावं, हे मला नको होतं. रागाव हवा तेवढा.

आता उरलेलंही सांगते, एवढं सांगितलंय तर. घरात मी एकटीच बोलते रे. संध्याकाळी ऑफिसातून आले की नानांना सगळं सांगते, कोण आला, कोणाचं कार्ड रद्द झालं, साहेब कसा वाकड्यात शिरला. ते बघत राहतात. पूर्वी माझ्या प्रत्येक वाक्याला वाकडं उत्तर द्यायचे. तेव्हा वैताग यायचा. आता वाटतं, कोणीतरी मला उलटून बोलावं. भांड्यांशी भांडते, तर सोनूबाई भिंतीपलीकडून विचारते, "काय गो मालन, कोणाक बोलतंस?" तिला काय सांगू?

रोज विचारते, "तुझो भाव कॅप्टन झालो काय गो?" मी म्हणते, होतोय, ऑगस्टात.

मी थकलेय, चंदू. असं मी आजवर कोणाला म्हटलेलं नाही. ते कॅप्टन काय व्हायचं ते हो आणि ये.

ताई

*

हैदराबाद
३० जुलै

ताई,

तुझं पत्र खिशात घेऊन फिरतोय. रागावलो नाही. रागवायला कोणी समोर तर हवं.

परीक्षा तेरा ऑगस्टला आहे. मुंबईहून नागपूर, तिथून पुढे हैदराबाद. नेहमीचंच विमान, नेहमीचे प्रवासी. फक्त डाव्या खुर्चीत मी असेन आणि दिघेसाहेब उजव्या खुर्चीत बसून मला तपासतील.

मला घरच्यांसाठी पास मिळतो. नाना येऊ शकत नाहीत, तर त्यांच्या वतीने तू ये. नागपूरला उतर, चंपाआत्याकडे राहा, दीक्षाभूमीवर जाऊन ये. सोनूबाई दोन दिवस नानांकडे बघतील ना? नानांना विचार. मान हलवता येते ना त्यांना?

पण हे बघ, माझी बहीण आहेस हे विमानात कोणाला सांगू नकोस. मला भेटायला पुढे येऊ नकोस. मी बाहेर येणार नाही. आणि घाबरू नकोस. जुन्या हँगरपाशी, म्हणजे विमानांच्या शेडपाशी, आलो की विमान वळेल, तोच मधला फाटा. तिथूनच उडू. अडीच महिने करतोय, त्या दिवशीही तेच करीन. तुझी शपथ मोडणार नाही.

चौदा तारखेला मी कॅप्टन असेन. मग सामान बांधतो.

चंदू

*

धंतोली, नागपूर
१४ ऑगस्ट

चंदू, अरे चंदू!

चंपाआत्याच्या ओट्यावर बसून लिहितेय. काल उतरल्यापासून कधी लिहीन असं झालं होतं.

नानांना विचारलं तर त्यांनी डाव्या हाताने मला अक्षरशः दाराकडे ढकललं. निघताना सोनूबाईने मला आपली बरी छत्री दिली. विमानात खिडकीची जागा मिळाली. पट्टा लावता येईना, एअर होस्टेसने लावून दिला. बाहेर पाऊस कोसळत होता. शेजारी सफारीवाला एक गृहस्थ, सारखा घड्याळ बघणारा. माझ्या खिडकीवर आला असता तर मी त्याला दुपारच्या सुट्टीनंतर या म्हटलं असतं.

विमान निघालं. मी हँगर शोधत होते. हँगर आलं. आता वळणार म्हणून खुर्चीला घट्ट धरलं. आणि वळलंच नाही! हँगर मागे गेलं आणि आपण सरळ चाललोच आहोत, चाललोच आहोत. सफारीवाला म्हणाला, "हा पायलट नागपूरला रस्त्याने नेतोय की काय?" पुढचे दोघं हसले.  वाट लागली, म्हटलं. शपथ मोडली मेल्याने, नेमकी आजच मोडली. गेली कॅप्टनकी, गेली मुंबई. तुझा इतका राग आला की पुढे येऊन दार वाजवावंसं वाटलं.

मग टोक आलं आणि विमान वळलं. वळताना खिडकीतून सगळी पट्टी दिसली. ओली, चकचकीत, लांबच लांब. मला वाटायचं, घाबरट माणूस ती मागतो. ती बघितली आणि उलटंच वाटलं, की एवढी समोर असताना ती कोणी मागे का टाकावी? राग कुठे गेला कळलं नाही. डोळ्यांत पाणी आलं.

सफारीवाला परत म्हणाला, "कोण आहे कोण हा पायलट?" मला राहवलं नाही. तू सांगू नकोस म्हणाला होतास, पण मी म्हटलं, "माझा भाऊ आहे. गप्प बसा." जोरात म्हटलं. चार रांगांना ऐकू गेलं. त्याने पेपर उघडला तो नागपूर येईपर्यंत मिटला नाही.

उतरल्यावर तुझ्या काचेकडे बघत पावसात थांबले. तू मान खाली घालून काहीतरी लिहीत होतास. वर बघशील म्हणून थांबले, पण एक माणूस म्हणाला, बाई, पुढे चला. मग चालायला लागले.

रागावले नाहीये रे. परीक्षेच्या दिवशी, सगळ्यांसमोर छाती काढून मागितलीस! दिघ्यांना डोळे असतील तर त्यांनी तिथेच सही केली असेल. केली ना? पत्र नको, घाटकोपरला तार कर.

ताई

*

हैदराबाद
२० ऑगस्ट

ताई,

तार केली नाही, कारण हे तारेत मावलं नसतं.

मी कॅप्टन झालो नाही.

आणि छाती काढून वगैरे काही झालं नाही. जे झालं ते सांगतो. टॉवरने नेहमीसारखं विचारलं. रेडिओ दिघेसाहेबांकडे होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं, काय सांगू? पट्टी ओली होती, पण हिशेब करून झाला होता, अर्ध्यात भागत होतं. मागे रांग होती. "हो" माझ्या जिभेवर तयार होतं. तेवढ्यात एअर होस्टेस आत डोकावून म्हणाली, सगळे बसलेत, पट्टे लावलेत. सगळे. त्यात तू. माझ्या तोंडून निघालं, पूर्ण पट्टी. मग दिघेसाहेबांनाच ती रेडिओवर मागावी लागली. त्यांच्या आवाजात ते ऐकून सगळी रांग चिडीचूप झाली.

तू मागे बसली होतीस म्हणून मागितली, ताई. एवढंच. आणि टोकाकडे जाताना एकदम मनात आलं. आदल्या दिवशी मागे कोण होतं? त्याच्या आदल्या दिवशी? तीन महिने मी ज्यांना अर्ध्यावरून उडवलं, त्या बायका कोणाच्याच ताया नव्हत्या? माझी बहीण बसली तेव्हा मला पट्टी कमी वाटली. म्हणजे मला आतून रोजच कमी वाटत होती आणि मी रोज हो म्हणत होतो. नागपूरला तू खाली उभी होतीस ते मला दिसलं होतं. वर बघायचा धीर झाला नाही.

हैदराबादला उतरल्यावर दिघेसाहेबांनी चहा मागवला. म्हणाले, "चंद्रप्रकाश, पूर्ण पट्टी मागितलीस म्हणून मी थांबवत नाहीये. पहिल्या दिवसापासून मागत राहिला असतास तर मी कुरकुरलो असतो आणि सही केली असती. पण तीन महिने माझ्या शेजारी एक माणूस बसत होता आणि आज वेगळाच बसला. उद्या मी शेजारी नसेन, तेव्हा यांतला कोण बसणार? तू सांग. सांगितलंस तर आत्ता सही करतो."

मला सांगता आलं नाही. त्यांनी चहा संपवला. मग म्हणाले, सहा महिन्यांनी पुन्हा बघू.

मुंबईची जागा श्यामकांतला मिळाली.

तुझं कालवण, नाना, सगळं पुढे गेलं. नानांना सांगू नकोस. किंवा सांग. काय लपवायचं आणि काय नाही, याचं माझं गणित बिघडलंय. इथे आज सुट्टी आहे आणि दिवसभर मी कोणाशी एक शब्द बोललो नाही.

चंदू

*

घाटकोपर
२८ ऑगस्ट

चंदू, जयभीम.

तुझं पत्र नानांना मोठ्याने वाचून दाखवलं. सगळं, एक ओळ न गाळता. आधी वाटलं, कॅप्टन झाला असंच सांगून टाकावं, त्यांना कुठे विचारता येतंय? पण या घरात लपवालपवी पुष्कळ झाली. ऐकून त्यांनी डोळे मिटले. झोपले असं वाटलं, तर डोळ्यांच्या कडेने पाणी येत होतं. मी पुसलं, आणि मग माझंच पुसत बसले.

सोनूबाईने विचारलं, झालो काय गो? मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, होतलो. मी म्हटलं, बघू.

शपथ मी घातली होती. ते तीन महिने माझेही आहेत. तुला एकट्याला त्याखाली वाकू देणार नाही. त्याचं पुढे काय करायचं ते मला माहीत नाही, पण निम्मं इकडे पाठव.

थकलेय म्हणाले होते, ते खोटं नव्हतं. अजून थकलेली आहे. सहा महिन्यांनी तू येशील तेव्हा नाना असतील की नसतील, कोण जाणे. तो हिशेब तू करू नकोस, तो माझ्याकडे राहू दे. संध्याकाळी आले की मी नानांना ऑफिसातलं सांगते, ते ऐकतात, मग दिवा लावते. चाललंय. घर फार शांत असतं, एवढंच.

पण दिघ्यांना तुला उत्तर देता आलं नाही ना, त्याचं सांगते. उद्यापासून ज्या ज्या विमानात बसशील, त्यात मी मागे आहे असं धर. हसू नकोस. खिडकीशी, पट्टा नीट लावलेला, मांडीवर सोनूबाईची छत्री. इकडे घरात असून तरी मी कोणाशी बोलणार आहे? टॉवरने विचारलं की आधी माझ्याकडे बघ, मग उत्तर दे. मागचे ओरडतील, नावं ठेवतील, परत चहा लवकर संपवतील. संपवू देत. तू मला टोकापर्यंत ने.

मला कुठेही पोचायची घाई नाही.

ताई